मदत हवी आहे: टूथफिशचं वय नेमकं कसं मोजतात?

मंडळी, दक्षिण महासागरातल्या पॅटागोनियन टूथफिशबद्दल वाचतोय आणि एका जागी घोडं अडलंय. हाच तो मासा, जो बाजारात 'चिलियन सी बास' म्हणून विकला जातो. बास कुळाशी त्याचं काही नातं नाही. ली लँट्झ नावाच्या अमेरिकी व्यापाऱ्याने 1977 मध्ये खपावा म्हणून हे गोंडस नाव दिलं. 'दातवाला मासा' म्हटल्यावर कोण घेणार म्हणा!

आता मुद्दा. हा मासा 50 वर्षांपर्यंत जगतो असं सांगतात, आणि वय काढतात ते कानातल्या चुनखडीच्या खड्यावरची, म्हणजे ऑटोलिथवरची, वलयं मोजून. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखंच. पण झाडाला ऋतू असतात. पिल्लं उथळ पाण्यात वाढतात हे ठीक, मोठे मासे मात्र हजार-दोन हजार मीटर खोल जातात. तिथे कायमचा अंधार, आणि पाण्याचं तापमान वर्षभर जवळपास तेवढंच. मग वर्षाला एक वलय उमटतं कशामुळे? वरून पडणारं अन्न उन्हाळ्यात वाढतं म्हणून, की अंडी घालण्याच्या काळात वाढ मंदावते म्हणून?

खूण लावून सोडलेले मासे पुन्हा पकडून वलयं पडताळतात, एवढं कळलंय. पण त्यातून वलय वर्षाचंच हे सिद्ध होतं, कारण नाही.

मत्स्यशास्त्र शिकलेलं कुणी असेल तर जरा सोप्या भाषेत सांगाल का? ऑटोलिथला रुळलेला मराठी शब्द असेल तर तोही हवाय.