‘शिष्ट झालीये हल्ली’: नैराश्य आणि आपली माणसं (अनुभव धागा)

धागाकर्ती

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इथे इंदूरला रामबागेत एका घरी गेले होते. वाण पिशवीत टाकून चपला घालत होते तेवढ्यात आतून ऐकू आलं, "ती ना, शिष्ट झालीये हल्ली. बोलावलं तरी येत नाही." मला वाटलं दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय. गाडीला किल्ली लावताना लक्षात आलं, ती म्हणजे मीच. राग नाही आला. मधली दोन वर्षं मी खरंच कोणाकडे गेले नव्हते, आणि का गेले नव्हते तेही कोणाला सांगितलं नव्हतं. बाईंना जे दिसलं त्याला त्यांनी हाताशी असलेला शब्द लावला.

म्हणून हा धागा. नैराश्यात तुमची नाती कशी बिघडली, किंवा बिघडलेल्या नात्यांतून नैराश्य कसं आलं, कोण टिकलं, कोण गेलं, तुम्ही स्वतः कोणाला सोडून गेलात का, लिहा. त्रोटक चालेल. डॉक्टरांची, दवाखान्यांची, नातेवाइकांची नावं नकोत. गोळ्यांची तर मुळीच नकोत. एकाची गोळी दुसऱ्याने घ्यायला तो काय जीरावन मसाला आहे पोह्यांवर भुरभुरायला? आणि वाचता वाचता कोणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर हा धागा बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा. टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, चोवीस तास, फुकट.

सुरुवात माझ्यापासून.

आम्ही चौघी, शाळेपासूनच्या. सानंद संस्थेची मराठी नाटकं एकत्र बघायची, नाटक सुटलं की सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस, घरी पोचायला बारा. २०१८ च्या पावसाळ्यात मला काहीतरी व्हायला लागलं. पहाटे साडेतीनला जाग, मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. आंघोळीला उठणं जिवावर यायचं. नाटकाला पहिल्यांदा नाही म्हटलं ते खरं सांगून, "दमलेय ग." दुसऱ्यांदा पाहुणे आले म्हणून. तिसऱ्यांदा सासूबाई आजारी आहेत म्हणून.

तर त्या शनिवारी एक मैत्रीण सासूबाईंना बघायला हजर, पिशवीत मोसंबी घेऊन. दार सासूबाईंनीच उघडलं. पदर खोचलेला, हाताला पापडाचं पीठ. "अग ये ये, मला काय धाड भरलीये?" मी आतल्या खोलीत दाराआड उभी, सगळं ऐकत. बाहेर आले नाही. ती मोसंबी ठेवून गेली.

पाच महिने तिचा फोन नाही. माझ्या डोक्यात एकच: बघ, तीस वर्षांची मैत्रीण, तीही गेली, म्हणजे तूच तशी आहेस. खोटं मी बोलले होते, आत मी लपले होते, हे त्या डोक्याला दिसतच नव्हतं. आणि ती तिकडे पाच महिने हेच घोकत बसली होती की आपलं काय चुकलं. हे मला कळलं औषधं सुरू होऊन तीनेक महिने झाल्यावर, नेहरू पार्कच्या बाकावर बसून तिला सगळं सांगितलं तेव्हा. आधी रडली. मग म्हणाली, "मोसंबी तरी खाल्लीस का?"

नव्हती खाल्ली. टोपलीत वाळून गेली होती.

कोडवाला

माझं उलट. मी माणसं सोडली नाहीत, चिकटलो. बायकोला. "रागावलीस का?" "खरं सांग, कंटाळलीस ना मला?" ती म्हणायची, नाही रे. दहा मिनिटं बरं वाटायचं. मग ते ‘नाही रे’ ती कुठल्या सुरात म्हणाली यावर विचार, आणि पुन्हा तोच प्रश्न. एका रविवारी तिने मोजलं, दुपारी चारपर्यंत १७ वेळा. संध्याकाळी ती खरंच भडकली, आणि लिहायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं. म्हणालो होतो ना!

समुपदेशक बाईंनी सांगितलं की हे चक्र त्यांच्या शास्त्रात जुनं आहे. जेम्स कोयन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ते मांडलं होतं. खचलेला माणूस पुन्हा पुन्हा दिलासा मागतो. समोरचा देतो, पण आतून वैतागत जातो. तो वैताग याला बरोबर कळतो, म्हणून हा आणखी मागतो. म्हणजे मला जे जाणवत होतं ते अगदीच मनाचे खेळ नव्हते, ती वैतागत होतीच. फक्त तिला वैताग आणणारा मीच होतो.

आम्ही असं ठरवलं: दिवसातून एकदा विचारायचं, रात्रीच्या जेवणानंतर. ती हातातलं काम ठेवून नीट उत्तर देणार. दुसऱ्यांदा विचारलं तर नुसतं "झालं ते" म्हणणार. पहिला आठवडा तळमळून काढला. हल्ली कधी कधी विचारायचं राहूनच जातं.

मधली सून

"लोकांत मिसळ" हे मला ज्याने त्याने सांगितलं. अहो, अकरा माणसांत राहत होते, आणखी कुठे मिसळू?

बाळ दोन महिन्यांचं असताना सुरू झालं. रडले की "आमच्या वेळी पाच-पाच झाली, कोणी रडत बसलं नाही." नवरा चांगला, पण आईसमोर मुका. स्वयंपाकघरात कायम तिघी-चौघी, आणि त्यातल्या एकीलाही सांगता यायचं नाही की बाळाकडे बघून मला काहीच वाटत नाही. काहीच. दूध उतू जाताना बघत उभी राहिले होते एकदा, हात पुढे झाला नाही. नणंद म्हणाली, नाटकं.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन. थायरॉइड निघालाही, पण तेवढ्यावर भागलं नाही. नंतर एका लेखात लंडनच्या कँबरवेल भागातल्या बायकांचा अभ्यास वाचला, ब्राउन आणि हॅरिस यांचा, १९७८ चा. आयुष्यात मोठं संकट आलं तर कोणती बाई नैराश्यात जाते, कोणती तगते, हे त्यांनी तपासलं. मनातलं सांगायला एक जवळचं माणूस असणं हा त्यात मोठा आधार ठरला. एक! मी त्या ओळीवर कितीतरी वेळ थांबले होते.

शेवटी आम्ही सुदामा नगरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सासरचे दोन वर्षं बोलले नाहीत. औषध तेच, तेवढंच होतं, पण त्या दोन खोल्यांत ते लागू पडलं असं मला वाटतं. डॉक्टर हसतील. हसू देत. नातं जोडा म्हणणाऱ्यांनी कोणतं नातं ते आधी विचारावं.

दुसऱ्या बाजूची

मी सोडून गेलेली मैत्रीण. धागाकर्तीच्या मोसंबीवालीसारखी गोड नाही.

तिचा फोन रात्री एकला यायचा. रोज. आठ महिने. मी ऐकायचे, समजवायचे, सकाळी डोळे चोळत शाळेत शिकवायला. काही सांगितलं की "तुला नाही कळणार." मग मी रात्री दहानंतर दचकायला लागले, फोन वाजायच्या आधीच. माझी झोप गेली, मुलांवर ओरडायला लागले. एक दिवस नंबर सायलेंटवर टाकला आणि तसाच ठेवला.

पुढे कळलं की तिच्या भावाने तिला डॉक्टरकडे नेलं आणि ती सावरली. माझं मात्र तिच्या गल्लीतून जायचं धाडस झालं नाही. तीन वर्षं मी लांबून फिरून बाजारात जायचे, पेट्रोल जाळत.

आता दुसऱ्या एका नातलगाच्या बाबतीत मी आधीच सांगून टाकलं: मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री आठला मी तुझी, तासभर. मधल्या दिवशी अगदी जिवावर बेतलं तर कधीही फोन कर, नाहीतर नाही. ऐकायला कोरडं वाटतं ना? पण दीड वर्ष झालं, एकही मंगळवार चुकलेला नाही. तेव्हा हे सुचलं असतं तर.

एक काका, वय ७२

बायको जाऊन तीन वर्षं झाली. तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चौदाव्या दिवशी घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मुलगा पुण्यात, रोज व्हिडिओ कॉल करतो, मी शर्ट बदलून बसतो.

सकाळच्या फिरण्याच्या मंडळीत आम्ही शुगर, गुडघे, मोदी, क्रिकेट सगळं बोलतो. हे कसं बोलणार? जाणंच बंद केलं. दोघे घरी आले, "बाबा, मन रमवा कशात तरी" म्हणून चहा पिऊन गेले. डॉक्टरांनी गोळी दिली, आठ दिवस घेतली, काही फरक नाही, ठेवून दिली.

एक दिवस दूध संपलं म्हणून खाली उतरलो. कोपऱ्यावरचा पोहेवाला, पंचविशीचा पोरगा, कढईवरून मान वर करून म्हणाला, "बाबूजी, बीस-पच्चीस दिन से दिखे नहीं. मैंने सोचा बेटे के पास चले गए." त्याने दिवस मोजले होते! नाव माहीत नाही त्याला माझं. शेव जास्त, कांदा नको, एवढंच माहीत. दुसऱ्या दिवशी दाढी करून गेलो. आता रोज जातो. त्याच्याशी काही बोलत नाही विशेष. पण सात वाजता मी नसलो तर एका माणसाला कळतं.

याच कामातली

काका, गोळीचं आठ दिवसांत काही कळत नाही. बहुतेकांना दोन ते चार आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. आपली आपण थांबवू नका, पुन्हा डॉक्टरांना भेटा आणि थांबवली होती हे खरं सांगा. रागावत नाहीत.

मधल्या सूनबाईंना डॉक्टर हसणार नाहीत. नात्यांवरच काम करणारी एक उपचारपद्धती आहे, जेराल्ड क्लेरमन आणि मिर्ना वाइसमन यांनी अमेरिकेत विकसित केलेली. तिच्यात चार ठिकाणी बघतात: कोणी गेल्याचं दुःख, नात्यातला तंटा, आयुष्यातला मोठा बदल, आणि माणसं जोडताच न येणं. काका पहिल्यात बसतात. सूनबाई दुसऱ्यात आणि तिसऱ्यात एकदम. ‘दुसऱ्या बाजूची’, तुमचं कोणत्याच खान्यात बसत नाही, पण सांभाळणारा माणूसही आजारी पडतो हे आम्ही रोज बघतो. आणि तुमचे मंगळवार-शुक्रवार मी माझ्याकडे येणाऱ्या घरच्यांना सांगणार आहे, परवानगी गृहीत धरून.

भंवरकुआँ

मी बऱ्हाणपूरची. इथे इंदूरला भंवरकुआँ भागात राहून पीएससीची, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करते. आई रोज विचारते, जेवलीस? मी म्हणते, हो. दोन महिने झाले मेसचा डबा तसाच परत जातो. रूममेटशी बोलणं बंद, ती चांगली आहे, मीच पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडते. सगळं वाचलं. कोणाला सांगितलं नव्हतं, इथेच पहिल्यांदा लिहितेय.

धागाकर्ती

बाळ, लिहिलंस ते फार बरं केलंस. एक सरळ विचारते, राग मानू नकोस: जगू नये असं वाटतं का? वाटत असेल तर आत्ता, हे वाचून संपायच्या आत १४४१६ लाव आणि रूममेटला उठव. नसेल वाटत तरी उद्या लाव. आणि आईला आज ‘हो’ म्हणू नकोस. एवढंच म्हण, "जेवण जात नाहीये."

भंवरकुआँ

तसं नाही वाटत, ताई. कधी कधी नुसतं नको वाटतं सगळं.

काल फोन लावला. आधी भाषा विचारतात. मराठी होती, पण मी हिंदी घेतली. मराठी मी फक्त आईशी बोलते इथे, मराठीत रडू फुटलं असतं. बराच वेळ बोलले. सोमवारी एमवायच्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, ओपीडीत जायचं ठरलंय. रूममेट येते म्हणाली. तिला रस्ता माहीत आहे.