पत्रिकेतले आजोबा आणि एआय : काम सोपवायचं कुणावर?

छापखानावाला (नौपाडा)

ठाण्याच्या नौपाड्यात माझं छोटं प्रिंटिंगचं दुकान आहे. लग्नाच्या-मुंजीच्या पत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, बिलबुकं. मशीन वागळे इस्टेटला, दुकानात मी आणि डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं काम, करणाऱ्या ताई. ताईंना चौदा वर्षं झाली.

गेल्या वर्षापासून मजकूर एआयकडून करून घ्यायला लागलो. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर काय वाट्टेल ते पाठवतं. अर्धं इंग्रजी अक्षरांत, अर्धं व्हॉइस मेसेजमध्ये, मामाचं नाव दुसऱ्या दिवशी. ते जुळवायला ताईंचा तास जायचा, आता पाच मिनिटं लागतात. खोटं कशाला बोलू, मी खूश होतो.

तुळशीची लग्नं लागली आणि गर्दी सुरू झाली. एका पत्रिकेत मुलीच्या दोन्ही आजोबांची नावं होती. एक 'कै.', दुसरे 'श्री.'. एआयने यादी नीटनेटकी केली आणि दोघांनाही 'कै.' करून टाकलं. ३०० पत्रिका छापून, घडी घालून तयार. न्यायला आले ते दुसरे आजोबा स्वतः! चष्मा कपाळावर सरकवून वाचलं आणि म्हणाले, "अहो, मला कळवायचं तरी होतंत."

ते हसले. सूनबाई हसल्या नाहीत. सगळ्या पत्रिका पदरच्या पैशाने पुन्हा छापून दिल्या.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. माणसाला काम सांगितलं की ते त्याचं होतं. ताईंच्या हातून अशी चूक झाली असती तर जन्मात परत झाली नसती. ह्याला आज सांगा, उद्या पाटी कोरी. ज्याला लाज वाटत नाही त्याच्यावर धंद्याचं काम सोपवू नये. बोला.

महापे जॉबवर्क

काका, राग मानू नका, पण तुम्ही काम सोपवलं नाहीत, ढकललंत.

महापेला माझं शीटमेटलचं छोटं युनिट आहे, सहा माणसं. कोटेशनचा मजकूर, आलेल्या पीओतल्या (खरेदीच्या ऑर्डरीतल्या) अटी वाचणं, पैशांचा तगादा, सगळं एआयवर. भाव मात्र मीच टाकतो. पत्र्याचा दर आणि वेस्टेज त्याला काय कळणार?

तगाद्याचं सांगतो. आधी माझे मेसेज असे जायचे : 'नमस्कार साहेब, जमलं तर बघा.' साहेबांना कधीच जमायचं नाही. मग एआयने पत्र लिहून दिलं. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढे पैसे अडवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. कलमं सीएकडून तपासून घेतली आणि पाठवलं. दोन जुनी बिलं सुटली. आपण मराठी माणसं पैसे मागायला लाजतो. त्याला लाज नाही हा दोष तुम्ही सांगताय, मला तोच गुण वाटतो.

आणि पाटी कोरी कशाला? 'नावामागचं कै., श्री., सौ. बदलायचं नाही' ही सूचना एकदा लिहून ठेवा, दर वेळी आधी ती द्या. प्रूफवर गिऱ्हाइकाची सही होती का?

छापखानावाला

प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. अंगठा आला. हल्ली सगळ्यांचा अंगठाच येतो.

हिशेबनीस (कोपरी)

सूचना लिहून सगळं सुटत नाही हो. माझ्याकडे हिशेब असलेल्या एका बाई फराळ पाकिटात भरून विकतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बाईंनी दिवाळीच्या तोंडावर एआयला विचारलं, त्याने छातीठोकपणे १२ सांगितलं. त्याचं वाचन जुन्या मजकुरावरचं, नवीन दर शोधून बघ असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चकली-चिवड्याची दोन आठवड्यांची बिलं १२ ने फाटली. जास्त घेतलेला कर खिशात ठेवता येत नाही, तो सरकारजमा करावा लागतो, आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या वेगळ्या.

माझ्या हाताखालच्या मुलाला दर माहीत नसता तर त्याने डोकं खाजवलं असतं. ते खाजवणं मला दिसलं असतं. एआय डोकं खाजवत नाही, हा माझा खरा आक्षेप आहे.

छापखानावाले, तुमच्या आजोबांचंही तेच झालं. ते यंत्र पुढे काय येणं संभवतं ह्याचा अंदाज बांधत जातं. वरच्या ओळीत कै., मग खालीही कै. बरं दिसतं. कोण जिवंत आहे ते त्याला ठाऊक नाही.

महापे जॉबवर्क

मग दर सीएला विचारायचा ना! हातोड्याने स्क्रू पिळायला गेलात तर हातोड्याचा काय दोष?

वकील, तलावपाळी

दोष कुणाचा ह्यावर एक निकाल आहे. एअर कॅनडा ह्या विमान कंपनीच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने आजीच्या निधनासाठी निघालेल्या प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. चॅटबॉटच्या बोलण्याला तोच जबाबदार, असा काहीसा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. निकाल तिकडचा, आपल्याकडे बंधनकारक नाही. पण आपल्या दुकानाच्या नावाने जे बाहेर जातं ते आपलंच, हे मानायला न्यायाधिकरण कशाला हवं?

जाता जाता : आहेराच्या याद्या, पाहुण्यांचे मोबाइल नंबर एआयमध्ये टाकत असाल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा एकदा डोळ्यांखालून घाला.

टेबलापलीकडची

इथे सगळे मालक बोलतायत. मी ठाण्यातल्याच एका ऑफिसात असिस्टंट आहे.

साहेबांनी एआय आणलं तेव्हा म्हणाले, तुझं काम हलकं होईल. आधी मी दिवसाला वीसेक मेल लिहायचे. आता साठ तपासते. तपासणं जास्त थकवतं, कारण माणसाची चूक चुकीसारखी दिसते, ह्याची चूक शुद्धलेखनासकट येते. परवा एका पार्टीला अशी डिलिव्हरीची तारीख गेली की जी आम्ही कधी दिलीच नव्हती. मला विचारलं, "तू बघितलं नाहीस?" पगार तोच आहे, हे वेगळं सांगायला नको.

महापेवाले दादा, तुमची सूचना दर वेळी आधी द्यायची, बरोबर झालं का ते बघायचं, हे कोण करतं? तुम्ही, की ऑफिसातली मुलगी?

आणि काका, ती पत्रिका ताईंनी वाचली होती का? का खापर त्यांच्यावरच फुटलं?

महापे जॉबवर्क

मुलगी करते. पगाराचं तुमचं म्हणणं मान्य. दिवाळीला बघतो. (हसू नका, खरंच बघतो.)

छापखानावाला

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न टोचला.

ताईंनी वाचली नव्हती. मीच सांगितलं होतं, आता मजकूर एआय बघतो, तुम्ही कटिंग आणि पॅकिंगकडे लक्ष द्या. चौदा वर्षं ज्या बाईने 'चि. सौ. कां.' मधला एक टिंब सुटू दिला नाही, तिच्या हातात मी सुतळी दिली. खापर तिच्यावर नाही फोडलं. पण तिला दाखवलंही नव्हतं, हे वर लिहायचं मी टाळलं.

काल त्यांच्याशी बोललो. मला वाटलं, म्हणतील ते यंत्र बंद करा. तसं काही नाही. व्हॉइस मेसेज उतरवायला त्यांना ते हवंय, कानाला फोन लावून बसायचा त्यांना कंटाळा आहे. मात्र नावं, नाती, तिथी आणि मुहूर्त ह्या ओळी त्या स्वतः टाइप करणार, आणि प्रूफ कागदावर काढून गिऱ्हाइकाला समोर बसवून वाचायला लावणार. अंगठा चालणार नाही. शिवाय एआयचा युनिकोड मजकूर आमच्या जुन्या फॉन्टमध्ये घेतला की 'वऱ्हाडी' चे 'वर्हाडी' होतात. ते गेलं वर्षभर त्या न बोलता सुधारत होत्या. मला पत्ताच नव्हता.

महापे जॉबवर्क

म्हणजे शेवटी माझंच ऐकलंत.

छापखानावाला

तुमचं नाही, ताईंचं. तुम्ही फक्त सही म्हणाला होतात.

असो. तेच आजोबा काल परत आले, सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका छापायची म्हणून. मजकूर स्वतःच्या हाताने लिहून आणलाय, 'श्री.' खाली दोन रेघा. ताईंनी तो कागद माझ्याकडे दिलेलाच नाही.