मदत हवी आहे : जपारा (इंडोनेशिया) आणि करिमुनजावा बेटे – 'कबुपातेन'ला मराठीत काय लिहू?

सागरगोटे :

नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या मुलांसाठी 'किनारा आणि बेटं' अशी छोटी मराठी पुस्तिका करते आहे. कोकणाच्या जोडीला परदेशातला एक किनारा हवा होता, म्हणून मध्य जावा प्रांतातला जपारा निवडला. मागे १६०२ मीटर उंचीचा मुरिया ज्वालामुखी, पश्चिमेला आणि उत्तरेला जावा समुद्र, आणि किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर करिमुनजावाची २७ बेटं. मुलांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

भूगोल जमला, प्रशासनात मात्र अडले आहे. जपारा हे कबुपातेन. त्यात १६ कचामातान, त्याखाली १८४ देसा आणि ११ कलुराहान. मी सरळ जिल्हा, तालुका, गाव, वॉर्ड असं लिहून टाकलं होतं. मग कळलं की कबुपातेनचा प्रमुख, म्हणजे बुपाती, लोक निवडून देतात. मग त्याला जिल्हाधिकारी कसं म्हणू? आणि कबुपातेनला जिल्हा म्हणणं तरी बरोबर आहे का?

दुसरी अडचण नकाशाची. जपारा आणि करिमुनजावाच्या मधला समुद्रही मी जिल्ह्याच्याच रंगात रंगवला आहे. हे खटकतंय, पण का ते सांगता येत नाही. पुस्तिका छापायला जायच्या आत दुरुस्त करायचं आहे. कृपया मदत करा.

शब्दवेडा :

ताई, 'बुपाती' जरा मोठ्याने म्हणून बघा. हा आपला 'भूपती'च आहे! त्याला पुढे-मागे प्रत्यय लागून कबुपातेन झालं, म्हणजे भूपतीचा मुलूख. 'देसा' हा आपला 'देश', फक्त तिकडे त्याचा अर्थ गाव. कोकणातून घाटावर जाणारा 'देशावर जातो' म्हणायचा, तिथेही देश म्हणजे राष्ट्र नव्हेच. मुलांना हे जरूर सांगा, एकदा ऐकलं की विसरणार नाहीत.

डच काळात बुपाती हा सरंजामी घराण्यातला असे आणि डच अधिकाऱ्यांच्या हाताखाली कारभार बघे. स्त्रीशिक्षणासाठी लिहिणाऱ्या कार्तिनी १८७९ साली याच जपाऱ्यात जन्मल्या, त्यांचे वडील पुढे जपाराचे बुपाती झाले. आजचा बुपाती पाच वर्षांसाठी थेट मतदानाने निवडला जातो. शब्द जुना राहिला, माणूस कुठून येतो ते बदललं.

मुरियाच्या पायथ्याशी :

कामानिमित्त काही वर्षं समारांगला (मध्य जावाची राजधानी) होतो, जपाऱ्याला बऱ्याचदा जाणं व्हायचं (सागवानी कोरीवकाम, दुसरं काय!), म्हणून लिहितो.

कबुपातेनला 'जिल्हा' म्हणा, बिनधास्त. मात्र बुपातीला 'जिल्हाधिकारी' अजिबात नको. आपल्याकडे जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष या दोन खुर्च्या. तिकडे बुपाती निवडून आलेला असतो आणि जिल्ह्याची प्रशासकीय यंत्रणाही त्याच्याच हाताखाली चालते. आपल्याकडे याला जोडीच नाही, तेव्हा 'बुपाती' तसाच ठेवा. कचामातानला 'तालुका' चालेल. त्याचा प्रमुख चामात हा सरकारी नोकर, त्याला बुपाती नेमतो. पण तालुका म्हटलं की आपली मुलं पंचायत समिती शोधतील. कचामातानला निवडून आलेलं मंडळ नसतं, एवढी एक ओळ टाका.

देसा आणि कलुराहान यांतला फरक मात्र नीट समजावून सांगा, कारण तिथेच खरी गंमत आहे. देसाचा प्रमुख गावकरी निवडतात. कागदोपत्री तो कपाला देसा, पण जपाऱ्यात लोक त्याला 'पतिंगी' म्हणतात. २०२४ च्या कायद्याने त्याची मुदत सहावरून आठ वर्षं झाली. कलुराहानचा लुराह हा नेमलेला कर्मचारी. ११ च्या ११ कलुराहान जपारा शहराच्या कचामातानमध्ये आहेत. म्हणजे शहरातल्या माणसाला आपला लुराह निवडता येत नाही आणि करिमुनजावातल्या न्यामुक बेटावरचा कोळी मात्र आपला पतिंगी निवडतो. (न्यामुक म्हणजे डास. बेटाचं नाव तेच आहे.)

'जपारा' लिहिताना जिल्हा, कचामातान की शहर ते प्रत्येक वेळी स्पष्ट करा. आपल्या रत्नागिरीसारखंच आहे, तिन्हींचं नाव एक.

दर्यावर्दी :

नकाशाबद्दल. तुम्हाला खटकलं ते बरोबरच. २००४ च्या कायद्याने जिल्ह्याला किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात अधिकार होते. २०१४ च्या २३ क्रमांकाच्या कायद्याने ते गेले आणि १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र प्रांताकडे आला. म्हणजे बेटाची जमीन जपाऱ्याची, आणि पुळणीवरून पाण्यात पाय टाकला की प्रांत.

त्यात करिमुनजावा राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्र १,११,६२५ हेक्टर, बहुतेक सगळं पाणीच. २७ पैकी २२ बेटं त्याच्या हद्दीत. हे उद्यान केंद्र सरकारचं. करिमुनजावात कोळंबीच्या तलावांचं सांडपाणी प्रवाळावर जाऊ लागलं तेव्हा हीच गुंतागुंत पुढे आली. तलाव जिल्ह्याच्या जमिनीवर, घाण केंद्राच्या उद्यानात. शेवटी २०२३ च्या जिल्हा भूवापर नियमात तिथे कोळंबी तलावांना मनाई आली. मुलांना चौकट द्यायची तर हीच द्या, हद्द म्हणजे काय ते यातून कळतं.

म्हणून समुद्र जिल्ह्याच्या रंगात नको. बेटं तेवढी रंगवा, उद्यानाची हद्द तुटक रेषेने दाखवा.

सागरगोटे :

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नकाशा पुन्हा काढला. समुद्र कोरा ठेवल्यावर ते २७ ठिपके किती एकटे आहेत ते पहिल्यांदा दिसलं. एक शंका : गंतिंग बेट कुठे दाखवू? एका नकाशात ते उद्यानाबाहेर आहे.

दर्यावर्दी :

बरोबर आहे, गंतिंग उद्यानाबाहेरच. पण वस्ती असलेल्या पाच बेटांपैकी ते एक, आणि कारभार करिमुनजावा देसाचा. करिमुनजावा कचामातानमध्ये देसा चारच : करिमुनजावा, कमुजान, पारांग, न्यामुक. पाच बेटं, चार गावं, हे मुलांना कोडं म्हणून घाला.

आणि सगळी बेटं करिमुनजावाचीच असं लिहू नका. जपारा शहरासमोर दिसणारं छोटं पांजांग बेट या कचामातानमध्ये येत नाही.

मुरियाच्या पायथ्याशी :

एक राहिलं. तिकडे वादळी दिवस डिसेंबर ते फेब्रुवारीचे, पश्चिमेचा वारा सुटला की 'बारातान'. फेरी बोट एरवी चार-पाच तासांत पोचते, त्या दिवसांत कितीतरी दिवस सुटतच नाही आणि बेटावर गॅस-भाजीची टंचाई होते. आपल्याकडे पावसाळ्यात बंदर बंद, तिकडे ऐन डिसेंबरात. का, ते मुलांना विषुववृत्त दाखवून विचारा.

सागरगोटे :

हे तर घेणारच! पहिल्यांदा 'जिल्हा (कबुपातेन)' आणि पुढे नुसतं 'जिल्हा' असं ठरवलं. बुपाती आणि चामात तसेच ठेवते. आता जपाऱ्याच्या बंदरातून सुटणाऱ्या फेरी बोटीचा स्वतः काढलेला फोटो कुणाकडे असेल आणि पुस्तिकेत छापायला परवानगी असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पंधरा दिवस हातात आहेत.