मदत हवी आहे: एएमएलच्या (एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग, ल्युकेमिया) रुग्णात ए अँटिजेन (लाल पेशींवरची ए गटाची खूण) क्षीण, ग्रुप काय कळवावा?

ब्लड बँकेतल्या अनुभवी मंडळींना विचारतोय. रुग्णाला एएमएल आहे, जुन्या नोंदीत ए पॉझिटिव्ह. आता फॉरवर्डमध्ये (रुग्णाच्या पेशींची तपासणी) अँटी-ए फक्त १+ (क्षीण; ४+ म्हणजे सर्वात जोरदार) आणि मिक्स्ड फील्ड (काही पेशी चिकटलेल्या, काही सुट्या), अँटी-बी निगेटिव्ह. रिव्हर्समध्ये (रुग्णाच्या सीरमची तपासणी) मात्र ए सेल निगेटिव्ह, बी सेल ४+. म्हणजे सीरम ठामपणे ए म्हणतंय आणि पेशी ओकडे झुकल्यात.

नवीन सॅम्पल मागवलं, पेशी सलाइनने तीनदा धुतल्या, ४ अंशांवर ३० मिनिटं ठेवून ओ सेल व ऑटो कंट्रोलसह (रुग्णाच्याच पेशी त्याच्याच सीरमसोबत) पुन्हा केलं. निकाल तोच. गेल्या चार महिन्यांत ओ रक्त दिलेलं नाही, ट्रान्सप्लांटही नाही. मिक्स्ड फील्ड दिसलं की हे दोन आधी विचारायलाच हवेत. अँटी-एच लेक्टिन (एच अँटिजेन ओळखणारं अभिकर्मक) ४+ येतंय. ए ट्रान्सफरेज (एचपासून ए बनवणारं एन्झाइम) कमी पडलं की एच तसाच उरतो, त्यामुळे ल्युकेमियातली अँटिजेन-घटच वाटते. पण ए३ उपगट (जन्मजात क्षीण ए) जुन्या नोंदीत निसटला असेल का?

अडचण अ‍ॅडसॉर्प्शन-इल्युशनची (पेशींवर अँटी-ए चिकटवून, मग सोडवून तपासण्याची). १ मिली पॅक्ड सेल, १ मिली अँटी-ए, ४ अंशांवर तासभर, थंड सलाइनने आठ वेळा धुऊन ५६ अंशांवर १० मिनिटं इल्युशन. शेवटचं वॉश निगेटिव्ह, पण इल्युएटही (सुटून आलेला द्रव) निगेटिव्ह! मोनोक्लोनल (एकाच प्रकारच्या अँटीबॉडीचं) अँटी-ए यासाठी चालत नाही का? पॉलिक्लोनल (अनेक प्रकारच्या अँटीबॉडींचं मिश्रण) कोण वापरतं? सिक्रेटर (ज्याच्या लाळेतही गटाचे पदार्थ असतात) असल्यास लाळेतला ए पुरावा म्हणून पुरेसा धराल का?

तोवर ओ पॅक्ड सेल आणि ए प्लेटलेट देतोय. रिपोर्टवर नेमकं काय लिहिता? रेमिशननंतर (आजार आटोक्यात आल्यावर) किती दिवसांनी पुन्हा तपासता?