रोटरी इंजिन पिस्टनपुढे का टिकलं नाही? दोष सीलचा, आकाराचा की वेळेचा?

चौथा_स्ट्रोक
मित्राशी गेले काही दिवस या एकाच विषयावर वाद चाललाय म्हणून इथे टाकतोय. त्याचं म्हणणं असं की रोटरीला संधीच मिळाली नाही, सगळ्या कंपन्यांनी पैसा पिस्टनमध्ये ओतला, नाहीतर आज सगळ्या गाड्या रोटरीवर पळाल्या असत्या. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते ते इंजिन त्याच्या आकारातच हरलंय, पैसा कितीही ओतला असता तरी.

(रोटरी म्हणजे इथे वांकेल, ज्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचं नोम इंजिन, ज्यात अख्खे सिलेंडरच गरगर फिरायचे, ते वेगळं.)

आता बघा, पिस्टनमध्ये गोल बोअर, त्यात गोल पिस्टन, त्यावर दोन कॉम्प्रेशन रिंगा आणि एक ऑइल रिंग. पहिल्या रिंगेतून थोडं सुटलं तर दुसरी आहे. खालून क्रँककेसचं ऑइल उडतंय, ऑइल रिंग ते खरवडून परत खाली पाठवतेय. रोटरीत काय, तर साधारण अंडाकृती कवचात (त्याला हाऊसिंग म्हणतात) फिरणारा तिकोनी रोटर आणि त्याच्या प्रत्येक टोकाला एक एपेक्स सील, साधारण २ मिमी जाडीची पट्टी, मागे स्प्रिंग. ही पट्टी भिंतीला फक्त एका रेषेत टेकते आणि तीही सरळ उभी राहत नाही, माझदाच्या १३बी या रोटरी इंजिनमध्ये रोटरची त्रिज्या १०५ मिमी आणि शाफ्टची एक्सेंट्रिसिटी (रोटरचा मध्य शाफ्टच्या मध्यापासून किती बाजूला आहे ते अंतर) १५ मिमी आहे, त्यावरून हिशोब केला तर फिरताना ती दोन्ही बाजूंना २५ अंशांपर्यंत कलते. म्हणजे घासायची जागा सतत बदलतेय आणि खाली ऑइल पोचवायला काही सोयच नाही, म्हणून मुद्दाम ऑइल आत सोडून जाळावं लागतं. जे इंजिन नवीन असतानाच ऑइल खातं ते पिस्टनशी कसं लढणार?

रोटरप्रेमी
दादा, सीलचा प्रश्न होता हे कुणीच नाकारत नाही, पण तो सुटला हे तुम्ही सांगतच नाही आहात. माझदाने १९६१ मध्ये या इंजिनाचं लायसन्स घेतलं तेव्हा हाऊसिंगच्या भिंतीवर आडवे आडवे ओरखडे पडायचे, त्यांचे इंजिनियर त्याला सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. केनिची यामामोतोंच्या हाताखाली ४७ जणांची टीम बसली आणि शेवटी कार्बन-अ‍ॅल्युमिनियमचं सील काढून १९६७ मध्ये कॉस्मो ही रोटरी गाडी विकायला आणली. १९६८ मध्ये नुर्बुर्गरिंगवर ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरल्या, एक अ‍ॅक्सलने गेली, दुसरी चौथी आली. अ‍ॅक्सलने गेली, इंजिनने नाही! आणि १९९१ ला ले मांची शर्यत, माझदाची ७८७बी गाडी, चार रोटर, २४ तास फुल्ल दामटून पहिला नंबर. सील जर मुळातच नालायक असतं तर हे झालं असतं का?

माझा मुद्दा वेळेचा आहे. ऑटोचं फोर स्ट्रोक इंजिन १८७६ चं, वांकेलचं पहिलं इंजिन फिरलं १९५७ मध्ये. एंशी वर्षांचा फरक. आणि मग ऑक्टोबर १९७३ ला तेलाचं संकट आलं, तिथे पायच कापला गेला.

पाना_बारा_चौदा
मी इंजिनं उघडणारा माणूस आहे, पुस्तकी नाही, तर हातात आलेलं सांगतो. शर्यतीत २४ तास चालणं वेगळं आणि एका सामान्य माणसाने थंडीत स्टार्ट करून दोन मिनिटांत बंद करणं, परत स्टार्ट करणं, असं पंधरा वर्षं चालणं वेगळं. शर्यतीनंतर इंजिन उघडून नवीन सील टाकायला माणसं उभी असतात हो.

माझ्याकडे एक रोटरी आली होती, तक्रार अशी की सकाळी एका झटक्यात सुरू होते पण गरम झाल्यावर बंद केली की परत होतच नाही. प्लग काढून गेज लावला आणि स्टार्टर मारला. पिस्टनच्या गाडीत एक सिलेंडर म्हणजे एक आकडा, इथे एका रोटरला तीन तोंडं असतात त्यामुळे काटा तीन उड्या मारतो, फस् फस् फस्, आणि त्या तिन्ही सारख्या हव्यात. याच्यात एक जोरात आणि दोन मेलेल्या. दोन कमी म्हणजे एपेक्स सील, कारण एकच सील दोन शेजारच्या चेंबरच्या मधे असतं, ते गेलं की दोन्हीकडचं कॉम्प्रेशन जातं. एकच कमी असती तर साइड सीलकडे (रोटरच्या बाजूच्या सपाट भिंतीला टेकणारं सील) बघितलं असतं. उघडल्यावर सील दोन टोकांना झिजून मधे फुगीर झालेलं, हातात धरून उजेडाकडे केलं तर पट्टीखालून उजेड दिसत होता. हाऊसिंगचं क्रोम पण सुटायला लागलेलं. पिस्टनमध्ये रिंगा झिजल्या तर गाडी धूर काढत का होईना दोन वर्षं ओढते, लायनर बदलून, रिंगा बदलून परत उभी राहते. इथे हाऊसिंग गेलं की त्याचा बोअर मोठा करून ओव्हरसाइज काही बसत नाही, नवीनच आणावं लागतं. माणसाने त्या गाडीसाठी एवढा जीव टाकला होता, त्याला हे सांगताना मला वाईट वाटलं.

उष्मांक
तुम्ही सगळे सीलवरच अडकलात. सील उद्या शंभर टक्के परफेक्ट झालं तरी इंजिन पेट्रोल जास्तच पिणार आहे आणि त्याचं कारण चेंबर आहे. पिस्टन वर आला की जळायची जागा जवळजवळ एक गोळा होते, आगीला सगळीकडून सारखं अंतर. रोटरीत ती जागा लांब, चपटी आणि वर पुढे सरकत राहणारी, एखाद्या चिंचोळ्या बोळासारखी. आतल्या गॅसच्या मानाने थंड भिंत खूप जास्त, म्हणजे उष्णता कामाला न लागता पाण्यात जाते आणि कडेचं मिश्रण भिंतीला लागून विझतं. मागच्या टोकापर्यंत आग पोचतच नाही, म्हणूनच दोन दोन प्लग लावावे लागतात आणि तरीही काही पेट्रोल न जळताच एक्झॉस्टला जातं. शिवाय पिस्टनमध्ये तीच भिंत कधी गार हवा बघते कधी आग, सरासरी निघते. रोटरीत प्लगची बाजू कायम भट्टी आणि इनटेकची बाजू कायम गार, हाऊसिंग वेडंवाकडं ताणलं जातं आणि त्या ताणलेल्या भिंतीवर बिचारं सील पळतंय.

आणि १९७३ बद्दल रोटरप्रेमी जे म्हणतात त्यात एक फार महत्त्वाची गोष्ट राहून गेली. अमेरिकेत १९७५ पासून धुराचे कडक नियम लागू होणार होते, ते मुदतीआधी पास करणाऱ्या पहिल्या इंजिनांत होंडाच्या सीव्हीसीसी या पिस्टन इंजिनानंतर माझदाची रोटरी होती! तेव्हा लोकांना वाटत होतं की भविष्य हेच. रोटरीत नायट्रोजन ऑक्साइड मुळातच कमी, आणि न जळलेलं पेट्रोल जाळायला त्यांनी एक्झॉस्टवर थर्मल रिअ‍ॅक्टर बसवला, म्हणजे एक मोठा डबा ज्यात बाहेरून हवा सोडून उरलेलं जाळायचं. पण तो डबा पेटता राहायचा तर त्यात जळण्यासारखं काहीतरी जायला हवं, म्हणून मिश्रण मुद्दाम रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, ठेवलं. धूर पास झाला, मायलेज बसलं. आणि काही महिन्यांत पेट्रोलचे भाव भडकले. म्हणजे एका परीक्षेत पास व्हायला जे केलं त्यानेच दुसऱ्या परीक्षेत नापास केलं. याला मी नुसतं नशीब म्हणणार नाही, चपट्या चेंबरची ती किंमत होती. वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या खिडकीवर भरावी लागली एवढंच.

रोटरप्रेमी
ताई, रिअ‍ॅक्टरचा मुद्दा मान्य, मी तो अशा प्रकारे जोडला नव्हता. पण मायलेजची तुलना करताना लोक एक गफलत करतात ती मला सहन होत नाही. "१.३ लिटर असून एवढं पिते" असं जो तो म्हणतो. अहो, एक रोटर शाफ्टच्या दर फेऱ्याला एकदा फायर होतो, दोन रोटर मिळून दर फेऱ्याला १३०८ सीसी ओढतात. फोर स्ट्रोक पिस्टन तेवढं ओढायला २.६ लिटरचं लागतं. तर तुलना २.६ लिटरशी करा, मग ते इंजिन तेवढं वाईट दिसत नाही, आणि आकार बघा, दोन माणसं उचलून ठेवतील एवढं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही, वर खाली आपटणारं काही नाही. ते ९००० आरपीएमला जातं तेव्हा आत रोटर फक्त ३००० ने फिरत असतो. तो आवाज आणि ती सफाई ज्याने एकदा अनुभवली त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

चौथा_स्ट्रोक
२.६ लिटरचं बरोबर आहे, मी स्वतः आधी तीच चूक करत होतो. पण मग २.६ लिटरच्या चांगल्या पिस्टन इंजिनाच्या शेजारी ठेवा, धूर, ऑइल आणि आयुष्य तिन्हीत ते मागेच राहतं. माझदाच्या आरएक्स-८ या रोटरी गाडीत एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या भिंतीत नेले, ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडं राहणं) काढून टाकला, तो खरंच हुशारीचा बदल होता, आणि तरीसुद्धा २०१० मध्ये युरोपात धुराच्या नियमांपायी विक्री थांबवावी लागली आणि २०१२ ला गाडीच बंद.

जुना_कॅटलॉग
"पैसा मिळाला नाही" याबद्दल फक्त. जनरल मोटर्सने १९७० मध्ये ५ कोटी डॉलरला लायसन्स घ्यायचं ठरवलं आणि १९७४ मध्ये प्रकल्प गुंडाळला. एएमसीने पेसर ही गाडी त्या इंजिनाच्या भरवशावर डिझाइन केली होती, इंजिन आलंच नाही म्हणून त्या आखूड नाकात सहा सिलेंडर कोंबावे लागले. सिट्रोएनने बायरोटर या दोन रोटरच्या गाड्या विकल्या आणि मग परत विकत घेऊन बहुतेक मोडीत काढल्या. मर्सिडीजने सी१११ या प्रायोगिक गाडीवर प्रयोग केले आणि सोडून दिलं. सुझुकीने आरई५ मोटरसायकल काढली, दोनतीन वर्षांत बंद. एनएसयू या जर्मन कंपनीची रो ८० ही रोटरी गाडी तर १९६८ ची कार ऑफ द इयर, पण वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी खिळखिळी झाली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली ऑटो युनियनमध्ये विलीन झाली. एवढ्या जणांनी हात घातलाय, संधी मिळाली नाही असं कसं म्हणायचं?

रोटरप्रेमी
हात घातला आणि चारपाच वर्षांत काढला. टिकून राहिली ती एकच कंपनी आणि सगळ्यात जास्त प्रगतीही तिथेच झाली, याचा अर्थ काय लावायचा ते तुम्हीच सांगा. पिस्टनमागे शंभर कारखाने शंभर वर्षं लागलेत, रिंगा बनवणारे वेगळे, पिस्टन बनवणारे वेगळे, प्रत्येक जण आपला तुकडा सुधारतोय. इकडे एका कंपनीने सगळं एकटीने वाहिलं. चेंबर चपटा आहे हे मान्य, पण चपट्या चेंबरवर पिस्टनइतकी डोकी बसली असती तर किती फरक पडला असता हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही.

हवेतला
एक वेगळी बाजू. इंजिनवाल्या ग्लायडरमध्ये आणि ड्रोनमध्ये वांकेल आजही वापरात आहे. तिथे हलकं, बारीक आणि न थरथरणारं इंजिन हवं असतं, पेट्रोल थोडं जास्त गेलं तरी चालतं. ग्लायडरमध्ये तर दहा मिनिटं वर चढायला लागतं, मग बंद करून आत मिटून ठेवायचं. मला वाटतं ते इंजिन चुकीच्या जागी बसवलं गेलं, रोजच्या गाडीत सिग्नलला थांबणं आणि हळूहळू सरकणं ही त्याची सगळ्यात कमजोर जागा.

उष्मांक
हे मला सगळ्यात जास्त पटलं. २०२३ मध्ये माझदाने एमएक्स-३० या गाडीत ८३० सीसीचा एकच रोटर जनरेटर म्हणून बसवला तो याच विचाराने, चाकांशी थेट जोडलेलाच नाही, फक्त बॅटरीला वीज करतो, म्हणजे त्याला सोयीच्या वेगाला चालवता येतं. डायरेक्ट इंजेक्शन दिलंय, आणि एपेक्स सील २ मिमी वरून २.५ मिमी केलंय.

चौथा_स्ट्रोक
म्हणजे एवढ्या वर्षांनी नवीन इंजिन काढताना पहिल्यांदा हात घालावा लागला तो सीलला आणि चेंबरलाच. मित्राला हा धागा पाठवतोय. पण रोटरप्रेमींचा एकट्या कंपनीचा मुद्दा माझ्याकडून खोडता येत नाहीये, तो मी त्याच्या बाजूने लिहून ठेवतो.

पाना_बारा_चौदा
जाडी वाढवली हे ऐकून बरं वाटलं, पण कागदावरचं मला पुरत नाही. त्या नवीन इंजिनाचं एक लाख किलोमीटर झालेलं कुणी तपासलं तर तिन्ही तोंडांचे आकडे इथे टाका, थंड असतानाचे आणि गरम असतानाचे दोन्ही, आणि किती आरपीएमला क्रँक होत होतं तेही लिहा, नाहीतर आकड्याला काही अर्थ राहत नाही.