डस्टर डिझेल २०१३ (८५ पीएस): बेल्ट, सस्पेन्शन, क्लच... घरी काय करावं, गॅरेजला काय द्यावं?

कृष्णाकाठ_डिझेल

रेनॉ डस्टर, २०१३, ८५ पीएस, १.५ डिझेल. मीटर १ लाख ४२ हजार. सेकंड हँड घेतलेली, टायमिंग बेल्टचं बिल नाही. गाडी अजून पाच-सहा वर्षं ठेवायची आहे. जॅक, दोन स्टँड, सॉकेट सेट आणि टॉर्क पाना घरी आहे. सध्या हे आहे:

१. टायमिंग बेल्ट कधी बदलला, माहीत नाही.
२. खराब रस्त्यावर पुढून डावीकडे खट-खट. ब्रेक मारला की वेगळा, जड 'धप्प' आवाज.
३. ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरते. चारही चाकांपाशी ओल नाही. क्लचचं पेडल सकाळी जरा खाली लागतं.

कशापासून सुरुवात करू?

घाटमाथा

बेल्टपासून. बिल नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही असंच धरा. किलोमीटर कमी असले तरी रबर वयानं म्हातारं होतंच. पिस्टन आणि व्हॉल्व्हची लय हाच बेल्ट जुळवतो; या गाडीच्या के९के इंजिनात तो तुटला किंवा दोन दात सरकला तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि मग हेड उतरवण्यावाचून मार्ग नाही.

नुसता बेल्ट घेऊ नका. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंप एकत्र घ्या. पंप त्याच बेल्टवर फिरतो. सहा महिन्यांनी तो गळायला लागला तर सगळी मजुरी पुन्हा.

बाहेरचा, अल्टरनेटर-एसीचा बेल्टही त्याच वेळी टेन्शनरसकट नवा टाका. हे फार जण टाळतात आणि तिथेच फसतात. त्या बेल्टच्या कडा उसवल्या की त्याचे दोरे क्रँक पुलीमागून टायमिंग कव्हरमध्ये शिरतात, दातांमध्ये गुंततात आणि चांगला टायमिंग बेल्टही उडवतात. उजवं पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिक काढलं की हा बेल्ट दिसतो. टॉर्च मारून आजच बघा. बरगड्यांवर आडव्या चिरा किंवा कडेला सुतं दिसली तर बदलेपर्यंत गाडी लांब नेऊ नका.

पाना_सतरा

आवाजाबद्दल लिहितो, कारण हे काम घरी नीट होतं.

तुमच्याकडे बहुतेक दोन वेगळे आवाज आहेत. लहान खड्ड्यांवर, कमी वेगात येणारी कोरडी खट-खट म्हणजे स्टॅबिलायझरची (गाडीचा कल रोखणाऱ्या आडव्या दांड्याची) लिंक रॉड. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्समधून पुढे निघताना येणारा एकच जड धप्पका म्हणजे लोअर आर्मचा (चाक खालून धरणाऱ्या हाताचा) मागचा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर. स्टिअरिंग उभ्या जागी वळवताना स्प्रिंग 'टण्ण' करत असेल तर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीच्या) वरचं माउंट आणि बेअरिंग बघायचं. उगाच शॉकअप बदलायला जाऊ नका, तेल गळत नसेल तर ते सगळ्यात शेवटी.

लिंक रॉड दोन्ही बाजूंच्या बदला. नट फिरताना आतली पिन सोबत फिरते, म्हणून पिनच्या टोकाला बिट लावून ती धरून ठेवायची आणि नट पान्यानं सोडायचा. गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. नायलॉनचे नट परत वापरायचे नाहीत.

लोअर आर्म पूर्ण घ्या. बुश प्रेसवर बसवून घेण्याचे पैसे, शिवाय जुना बॉल जॉइंट तसाच. त्यापेक्षा दोन्ही बुश आणि बॉल जॉइंटसकट आर्म परवडतो. बॉल जॉइंट निघत नसेल तर रबरी बूटवर हातोडा मारू नका, तो ज्या खोबणीत बसतो त्या लोखंडाला बाजूनं टोले द्या.

आता मुख्य गोष्ट. चाक हवेत लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट पूर्ण आवळू नका. नुसते बसवा, गाडीचं वजन चाकांवर आणा, मग टॉर्क पान्यानं आवळा. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेतच धरलं जातं आणि खाली आल्यावर सतत ताणात राहून लवकर फाटतं. 'नवा आर्म टाकला, वर्षात पुन्हा आवाज' यामागे बहुतेक हेच असतं. चाकं १०५ न्यूटन मीटरनं आवळा, आणि शेवटी अलाइनमेंट करून घ्या.

गिअरवाला

तिसऱ्या मुद्द्याला हलकं घेऊ नका.

या गाडीत ब्रेक आणि क्लचचं ऑइल एकाच डबीतून जातं. पुढचे ब्रेक पॅड झिजले की पातळी थोडी उतरते, ते साहजिक आहे. म्हणून आधी पॅड बघा. पॅड जाड आहेत, मागच्या ड्रमच्या आत चाकाच्या सिलिंडरपाशी ओल नाही आणि क्लचचं पेडलही मऊ आहे, तर संशय क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरवर (ऑइलच्या दाबानं क्लच सोडवणारा भाग). तो बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती बसतो, त्यामुळे गळती बाहेरून दिसत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे खालून बोट फिरवा. पातळ, ब्रेक ऑइलच्या वासाचं काही लागलं तर निदान झालं. जाड आणि काळं असेल तर ते इंजिन ऑइल, म्हणजे क्रँकचं मागचं सील.

दोन्हींत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हे जमिनीवर, दोन स्टँडवर करायचं काम नाही, गॅरेजला द्या. गिअरबॉक्स खाली आला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि स्लेव्ह सिलिंडर एकदमच नवे टाकायला सांगा. तोपर्यंत डबी डॉट ४ ने भरलेली ठेवा आणि घाटात जाऊ नका.

अजून एक, खाली शिरलात की डाव्या एक्सलचं गिअरबॉक्सकडचं रबरी बूट बघा. रेनॉच्या या पाच गिअरच्या बॉक्समध्ये ते बूट तीन बोल्टच्या प्लेटनं थेट गिअरबॉक्सवर बसतं. ते फाटलं तर ग्रीस नाही, गिअर ऑइलच गळतं, आणि आवाज येईपर्यंत बॉक्स कोरडा पडलेला असतो. ऑइल ७५डब्ल्यू-८०. गाडी सपाट जागी ठेवून लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंत भरायचं.

कृष्णाकाठ_डिझेल

खूप मदत झाली. बोट फिरवलं, पातळ ओल आहे आणि वास ब्रेक ऑइलचाच. क्लच गॅरेजला देतो. आर्म आणि लिंक रॉड घरी करतो. बेल्ट घरी करावा का?

घाटमाथा

लॉकिंग पिना (क्रँक आणि कॅम नेमक्या जागी धरणाऱ्या) भाड्यानं किंवा विकत मिळत असतील तरच. खूण करून, व्हाइटनर लावून बेल्ट बदलणं या इंजिनाला चालत नाही.

क्रम असा. इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्या, उजवं माउंट काढा. क्रँक घड्याळाच्या दिशेनं फिरवून कॅम गिअरचं भोक हेडच्या भोकासमोर आणा, तिथे ८ मिमीची पिन. ब्लॉकमधला प्लग काढून क्रँकची पिन आट्यांवर फिरवून आत बसवा आणि क्रँक तिला अलगद टेकवा. ही पिन फक्त जागा दाखवायला आहे. पुलीचा बोल्ट सोडताना किंवा आवळताना तिच्यावर जोर दिलात तर पिन वाकते, कधी क्रँकही दुखावतो. नवा बेल्ट चढवून टेन्शनरचा काटा खुणेवर आणा, पिना काढा, हातानं क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवा, पिना पुन्हा लावून बघा. सहज बसल्या नाहीत तर सगळं परत करायचं, 'जवळजवळ बसलं' चालणार नाही. पुलीचा बोल्ट नवाच हवा. तो आधी टॉर्कनं आणि मग अंशांत आवळायचा असतो, आकडा बोल्टच्या जाडीनुसार बदलतो, मॅन्युअलमधून घ्या. पुली आणि क्रँकच्या एकमेकांना टेकणाऱ्या बाजूंवर तेलाचा अंशही नको.

तुमची गाडी तशीही क्लचला जाणार आहे. पिना असलेल्या गॅरेजमध्ये बेल्ट त्याच वेळी करून घ्या आणि जुने भाग परत मागा, असं माझं मत.

पाना_सतरा

सहमत. सुट्या भागांसाठी निसान टेरानो डिझेलचाही पार्ट नंबर विचारा, गाडी आतून तीच आहे. रेनॉच्या काउंटरला नाही म्हणाले तरी तिकडे मिळून जातं.

इंजिन ऑइल घरी करणार असाल तर ड्रेन प्लगला ८ मिमीचं चौकोनी टोक लागतं. षटकोनी ॲलन घुसवून बघू नका, प्लगच्या कडा गोल होतात. वॉशर नवा. फिल्टरसकट सुमारे साडेचार लिटर बसतं, पण आधी ४ ओता, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, दहा मिनिटांनी डिपस्टिक बघून बाकीचं घाला. वरच्या खुणेच्या पुढे अजिबात नको; जास्तीचं तेल ब्रीदरवाटे (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये, म्हणजे हवेच्या वाटेत जातं. काढलेलं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजच्या ड्रमला द्या, गटारात नाही.

आणि २०२८ मध्ये आरसीला १५ वर्षं होतील. तेव्हा आरटीओत फिटनेस आणि पर्यावरण कर भरून पुढच्या ५ वर्षांचं नूतनीकरण मिळतं. आतापासूनची सगळी बिलं तारीख आणि किलोमीटरसकट एका फाइलीत ठेवा.