चिंचिलाच्या दाढा परत वाढल्यात, आता अजून एकदा भूल द्यायची की थांबायचं?

रानफूल:
माझी चिंचिला (उंदीर-सशासारखा कुरतडणारा छोटा पाळीव प्राणी) पिकू 9 वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी हनुवटी ओली दिसायला लागली आणि डाव्या डोळ्यातून पाणी, मला वाटलं डोळ्यात गवताची काडी गेली असेल. एक्स-रे काढला तर दाढांची मुळं खाली जबड्यात आणि वर डोळ्याच्या खोबणीपर्यंत वाढलेली. तेव्हापासून दर सहा-सात आठवड्यांनी भूल देऊन दाढा घासून घेतोय. आधी दोन दिवसांत परत गवत कुरतडायला लागायची, यावेळी 12 दिवस झाले तरी गवताला तोंड लावत नाहीये. वजन 610 ग्रॅम होतं ते 455 वर आलंय. दिवसातून पाच वेळा सिरिंजने भरवते, वेदनेचं औषध चालू आहे. डॉक्टर म्हणाले अजून एकदा करून बघता येईल, पण आता तुम्ही विचार करा. कसला विचार ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रात्री पिंजरा उघडला की अजून पुढे येते, हातावर चढते. जी माझ्याकडे विश्वासाने येते तिला मी कसं नेऊ? घरातले म्हणतात झोपेत आपोआप जाईल, तू काही करू नकोस.

पायवाट:
ताई, झोपेत जाईल हे मनातून काढा. चिंचिलाचं पोट सतत चालू लागतं, खाणं थांबलं की आतडी मंदावतात, गॅस धरतो, अंगातली चरबी यकृतावर चढते, आणि हे सगळं होताना ती जागी असते. माझ्या बोक्याच्या वेळी (चिंचिलाच, नाव बोका) मी असंच थांबलो होतो. शेवटचे दोन दिवस कोपऱ्यात पाठ वर काढून बसलेला असायचा, दात करकर वाजवत. तो आवाज अजून जात नाही कानातून.

दुसरं म्हणजे यांचे सगळेच दात जन्मभर वाढतात, फक्त पुढचे नाही. दाढ घासली की तोंडातलं टोक कमी होतं, जीभ-गाल कापले जायचे थांबतात, पण हाडात घुसलेलं मूळ तिथेच राहतं. ते मागे आणता येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी आराम कमी दिवस टिकतो. तुमचं काही चुकलेलं नाही.

निळीशाई:
हातावर येते म्हणजे दुखत नाही असं नाही. शिकार होणारे प्राणी दुखणं लपवतात, ते शेवटपर्यंत ओळखीच्या माणसाकडे येतात. त्यापेक्षा बाकीचं बघा. काडी उचलून तोंडापर्यंत नेऊन टाकून देते का, पुढचे पाय लाळेने ओले राहतात का, लेंड्या बारीक झाल्यात का, आणि मुख्य म्हणजे धुळीची आंघोळ (बारीक धुळीत लोळून अंग साफ करणं) स्वतःहून करते का? माझ्या मैत्रिणीने कॅलेंडरवर रोज चांगला दिवस की वाईट एवढंच लिहिलं होतं, तीन आठवड्यांनी पान बघून तिला कुणाला विचारावंच लागलं नाही.

ओलीमाती:
मी थोडं वेगळं सांगते, राग मानू नका. आधी नवीन एक्स-रे काढा, शक्य असेल तर सीटी स्कॅन. एखादी दाढ हलत असेल किंवा मुळाशी पू झाला असेल तर चित्र वेगळं असतं. वेदनेचा डोस पुरेसा आहे का तेही सरळ विचारा, माझ्या चिंचिलाचा डोस वाढवल्यावर खाणं परत सुरू झालं होतं आणि त्याला पुढे चार चांगले महिने मिळाले. पण मुळं अजून पुढे गेलेली दिसली तर फक्त आपल्याला सोडवत नाही म्हणून परत भूल देऊ नका. मी एकदा दिली, तो टेबलावरून परत आला आणि रात्री गेला, मी जवळ नव्हते.

रानफूल:
धुळीचं भांडं ठेवते तर नुसती शेजारी बसते. हे मी बघत होते पण मोजत नव्हते. एक्स-रे उद्याच सांगते. आणि समजा तसंच निघालं तर... नक्की काय करतात?

पायवाट:
आधी गॅसने किंवा स्नायूत सुई देऊन गाढ झोपवतात, ती पूर्ण बेशुद्ध झाली की मगच शेवटचं इंजेक्शन. झोप लागेपर्यंत माझ्या हातात राहू दे असं आधीच सांगून ठेवा, बरेच डॉक्टर ऐकतात. उपाशी नेऊ नका, चिंचिलाला उलटी होतच नाही. तिच्या आवडीचं जे काही गिळता येईल ते सकाळी द्या. दुसरी चिंचिला आहे का सोबत?

रानफूल:
हो, बहीण आहे तिची. एकाच पिंजऱ्यात वाढल्यात.

निळीशाई:
मग पिकू गेल्यावर तिला घरी आणून थोडा वेळ बहिणीजवळ ठेवा. ती हुंगेल, कदाचित अंगावरचे केस नीट करत बसेल, कदाचित लांब जाईल. नंतर काही दिवस तिचंही वजन रोज करा, सोबतीण गेल्यावर खाणं सोडतात कधीकधी.